मुरवलेली फरशी

ती. सौ. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार (हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच जोडले आहेत).

मी इथे मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, झोप भरपूर होते, अंगावर चार-दोन ठिकाणी निळे डाग आहेत पण ते कामाचा भाग आहेत आणि त्यांचा खुलासा पुढे येईलच. तुझं मनगट कसं आहे? तुला विचारलं की तू म्हणतेस, मला काय धाड भरलीय. काकांना विचारलं की ते आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतात (हे फोनवरही कळतं) आणि मग म्हणतात, बरी आहे. त्यामुळे खरी बातमी मला आईकडून मिळते. ती म्हणते की प्लास्टर निघून इतके महिने झाले तरी तू घरात भिंतीला हात लावत चालतेस, आंघोळीला जाताना काकांना बाथरूमच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसवतेस, आणि बॅडमिंटनची रॅकेट कपाटावर टाकून मैत्रिणींना सांगून मोकळी झालीस की आता वय झालं. काकांनी बाथरूमच्या भिंतीला लावायला आणलेली ती स्टीलची दांडी तू म्हणे अजून पोटमाळ्यावरच ठेवली आहेस. अशा दांड्या म्हाताऱ्यांच्या घरात असतात, असं तुझं म्हणणं. एकाच तोंडाने वय झालं म्हणायचं आणि त्याच तोंडाने दांडी नाकारायची, हे तुलाच जमतं. असो, हा विषय मी इथेच सोडतो.

हे सगळं फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. मी 'आत्या, ऐक ना' म्हटलं की तू 'जेवलास का' विचारतेस, जेवलो म्हटलं की काय जेवलास ते विचारतेस, आणि ते सांगून होईपर्यंत तुझ्या गॅसवर काहीतरी उतू जातं. पत्रात निदान मला कोणी थांबवू शकत नाही. (तू मधली पानं सोडून एकदम शेवटचं वाचतेस, हे मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस. पहिल्यापासून वाच, नाहीतर शेवटी तू चिडशील आणि का चिडलीस हे तुझं तुलाच कळणार नाही.)

तर आधी हे इंटर्नशिप प्रकरण. तू शेजारच्या काकूंना सांगितलंस की भाच्याला नोकरी लागली. बाबांनी ऑफिसात सांगितलं की मुलगा शास्त्रज्ञ झाला. आईने कोणालाच काही सांगितलं नाही, कारण या प्रकारात काही काळंबेरं नाही याची तिला अजून खात्री पटलेली नाही. खरं ते असं की विज्ञानाच्या आणि इंजिनिअरिंगच्या पदवीला शिकणाऱ्या मुलांना सुट्टीत मोठ्या प्रयोगशाळेत घेतात, खऱ्या संशोधनाला जुंपतात आणि त्याबद्दल दर महिन्याला विद्यावेतन देतात. बाबांचं अडतं ते इथेच. शिकायचे पैसे आपण भरायचे असतात, शिकणाऱ्यालाच कोणी पैसे देत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय, असं ते म्हणतात. मी त्यांना पुष्कळ समजावलं, पण पहिलं विद्यावेतन खात्यात जमा झाल्यावरही त्यांनी दोन दिवस वाट पाहिली, कोणी परत मागतंय का म्हणून.

माझ्या वर्गातल्या मुलांना भारी भारी विषय मिळाले. एकाला उपग्रह मिळाला. माझ्या खोलीत राहणाऱ्याला यंत्रमानवाचा गुडघा मिळाला, आणि तो रात्री झोपेतसुद्धा स्वतःचा गुडघा हलवून बघतो. मला मिळाली फरशी. ओल्या फरशीवर माणूस का घसरतो, हा आमच्या प्रयोगशाळेचा विषय आहे. हसू नकोस. मुलाखतीत आमच्या मॅडमनी (प्रयोगशाळा त्यांची आहे, उंचीने माझ्या खांद्याला लागतात आणि त्यांच्यासमोर मोठमोठे प्राध्यापक खुर्ची शोधतात) सूत्रं विचारली नाहीत, गणित घातलं नाही. त्यांनी विचारलं, तुमच्या घरात कोणी घसरून पडलंय का? मी म्हटलं, माझी आत्या पडली. कुठे? बाथरूममध्ये. मग? मग मी सांगत सुटलो: मनगट, प्लास्टर, खुर्ची, रॅकेट. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या की सोमवारपासून या. तेव्हा ही निवड माझ्या गुणांवर झाली असं मी बाबांना सांगितलं असलं, तरी ती तुझ्या मनगटावर झाली आहे, आणि त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट आणि नवे बूट घालून गेलो. मॅडमनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि बूट-मोजे काढून पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला सांगितली. मग माझ्या कमरेला आणि खांद्यांना पट्टे बांधले, पट्ट्याची दोरी छताच्या कडीला अडकवली आणि मला एका फळीवर उभं केलं. फळीवर फरश्या बसवलेल्या, फरश्यांवर साबणाचं पाणी. आता पुढे-मागे चाला, म्हणाल्या. मी चालू लागलो तशी ती फळी एका बाजूने हळूहळू वर उचलली जाऊ लागली. माणूस किती उतारापर्यंत टिकतो ते त्यांना बघायचं असतं. मी फार टिकलो नाही. पाय सटकले, दोरीने मला वरच्यावर झेललं आणि मी दोरीवर वाळत घातलेल्या लेंग्यासारखा लोंबकळत राहिलो. मॅडमनी आकडा लिहून घेतला आणि म्हणाल्या, छान, परत. निळे डाग आहेत ते या पट्ट्यांचे. त्या अवस्थेतला माझा एक फोटो मी हौसेने घरी पाठवला, तर बाबांनी तो ऑफिसात दाखवून सांगितलं की मुलगा उंचीवरची जोखमीची कामं करतो. (हे मात्र अगदीच खोटं नाही.)

प्रयोगशाळेत आणखी एक व्यक्ती आहे, तिची ओळख आत्ताच करून देतो, कारण पुढच्या अनर्थात तिचा फार मोठा वाटा आहे. मॅडमच्या हाताखाली पीएचडी करणारी एक ताई. सगळे तिला सबूर म्हणतात. कशाचीही घाई तिला खपत नाही. लिफ्ट यायला वेळ लागला तर आपण कळ दाबत राहतो, ती म्हणते, सबूर. चहा गाळताना म्हणते, सबूर. तिच्या पीएचडीला किती वर्षं झाली हे विचारायचं नसतं. ती करते काय, तर फरश्या मुरवते. नव्या कोऱ्या फरश्या घ्यायच्या, त्यांवर रोज ठरलेल्या मापाने साबणाचं पाणी, क्षाराचं पाणी आणि केसांच्या तेलाचे थेंब टाकायचे, वाळू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं कितीतरी महिने केलं की फरशीवर तो चिकट, पिवळट-पांढरा थर बसतो, जो वापरातल्या बाथरूममध्ये आपोआप बसतो. (तुझ्या बाथरूममध्ये नाही. तुला हे वाचूनही शिसारी आली असेल. आता पुढचं वाच.)

झालं असं की दुसऱ्या आठवड्यात मला वाटलं, आपण नवे आहोत, जरा छाप पाडावी. सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. प्रयोगशाळा रिकामी. कोपऱ्यातल्या टेबलावर ओळीने मांडलेल्या फरश्या, आणि इतक्या घाण, इतक्या घाण, की काय सांगू. आत्या, मी दहावीपासून बारावीपर्यंत तुझ्या घरात राहिलो. तुझ्या घरात आंघोळ करून बाहेर पडणाऱ्याने बाथरूम कोरडं करून बाहेर पडायचं असतं, फरशी रोज घासली जाते, आणि रविवारी तारेची घासणी घेऊन कोपरे काढायचे असतात, कारण (तुझे शब्द) मळ आधी कोपऱ्यात घर करतो आणि मग माणसाच्या मनात. दुसऱ्या कुठल्याही घरात वाढलेला मुलगा त्या फरश्या बघून गप्प बसला असता. माझे हात आपोआप बाह्या सरसावू लागले. सिंकखाली घासणी होती, पावडर होती. तू शिकवलंस तसं केलं. आधी भिजवलं, मग पावडर पेरली, मग अंगठ्याचा जोर देऊन गोल गोल, आणि कडेच्या रेघांत जुना टूथब्रश. घासता घासता मी गुणगुणत होतो, हे कबूल करतो. सगळ्या फरश्या आरशासारख्या करून, पुसून, पुन्हा ओळीने मांडून मी हात बांधून उभा राहिलो.

सबूर आली. तिने पर्स ठेवली. टेबलाकडे पाहिलं. मग ती स्टुलावर बसली. मी म्हटलं, ताई, फार घाण झाल्या होत्या. ती म्हणाली, हो, मी केल्या होत्या. आवाज चढवला नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली की जरा बाहेर जाऊन उभा राहशील का. मी बाहेर जाऊन उभा राहिलो आणि मनातल्या मनात बॅग भरू लागलो.  थोड्या वेळाने मॅडम आल्या, आत गेल्या, बाहेर आल्या, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या की इतकं स्वच्छ काम त्यांनी त्यांच्या आयुष्यात पाहिलेलं नाही. ते कौतुक नव्हतं.

हाकलून दिलं नाही, कारण विद्यावेतन मंजूर झालेलं होतं (मॅडम तसं म्हणाल्या, पण मला वाटतं त्यांना सबूरनेच थांबवलं). पण नव्या फरश्या मुरेपर्यंत सबूरचं काम अडून राहू नये म्हणून आयत्या मुरलेल्या फरश्या शोधायची शिक्षा मला मिळाली. म्हणजे वापरातलं, बरेच दिवस न घासलेलं बाथरूम शोधायचं, तिथे आमचं यंत्र नेऊन मापं घ्यायची. हे यंत्र सुटसुटीत आहे. एका खांबावर लोखंडी हात लटकवलेला असतो, हाताच्या टोकाला रबराचा तुकडा. हात सोडला की तो झोका घेत खाली येतो, रबर ओल्या फरशीला घासतं आणि हात पलीकडे वर जातो. फरशी जेवढी घसरडी तेवढा हात वर. लहान मुलाला कळेल असं आहे. पण कोणाच्या दारात जाऊन, तुमचं बाथरूम घाण आहे असं ऐकलं, जरा बघू का, हे विचारून बघ तू एकदा. पहिल्या घरातल्या बाईंनी दार लावून घेतलं. दुसऱ्या घरातले गृहस्थ मला हाताला धरून आत घेऊन गेले आणि त्यांचं बाथरूम किती स्वच्छ आहे हे दाखवून, नाव कोणी सांगितलं ते विचारू लागले. शेवटी मला साक्षात्कार झाला की जे शोधत मी गावभर फिरतोय ते माझ्याच वसतिगृहात, माझ्याच मजल्यावर आहे. तिथे मी स्वतः डोळे मिटून आंघोळ करतो. रेक्टर साहेबांची परवानगी काढली. संशोधनासाठी पथक येणार म्हटल्यावर त्यांना फारच अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी मॅडम, सबूर आणि मी यंत्र घेऊन पोचलो तर साहेबांनी पाहुणे येणार म्हणून माणसं लावून सगळं बाथरूम लख्ख धुऊन ठेवलं होतं, आणि दारात पायपुसणंही नवं टाकलं होतं. सबूर माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. तुझाच कोणी नातेवाईक का, म्हणाली.

परतताना यंत्र दोघांनी मिळून धरलं होतं, मॅडम पुढे चालत होत्या. त्यांनी सहज विचारलं की असं घासायला तुला शिकवलं कोणी. मी तुझं सगळं पुराण सांगितलं. घासणी, पावडर, टूथब्रश, रविवार. रोज घासतात? रोज. किती वर्षं? म्हटलं, माझ्या जन्माच्या आधीपासून. मॅडम थांबल्या. त्यांनी विचारलं की फरशी कशी आहे, गुळगुळीत की खरखरीत.  आणि आत्या, मला आठवलं की मी लहान होतो, सुट्टीत तुझ्याकडे यायचो, तेव्हा ती फरशी पायाला टोचायची. तिच्यावर बारीक बारीक दाणे होते. मी चवड्यांवर उभा राहून आंघोळ करायचो आणि तू बाहेरून ओरडायचीस की नाच बंद कर. तुझ्याकडे राहायला आलो तोवर ते दाणे बोथट झाले होते. आणि गेल्या वर्षी, तू पडल्यावर मी भेटायला आलो तेव्हा, त्या फरशीवर पाय ठेवला तर ती हाताच्या तळव्यासारखी गुळगुळीत होती. मी तेव्हा तुझ्या मनगटाकडे बघत होतो. फरशीकडे कोणीच बघितलं नाही.

मॅडमनी मला नीट समजावून सांगितलं. पाणी सांडलं की ते पाय आणि फरशी यांच्यामध्ये शिरतं. दाणे असले की ते पाणी बाजूला सारतात आणि पावलाला धरून ठेवतात. दाणेच झिजून गेले की धरणार कोण? मग तिथे चालणारा कितीही वयाचा असो, पाय सटकणारच. मी म्हटलं, मी आत्याला हे कसं सांगू? तिच्या स्वच्छतेनेच ती पडली असं म्हटलं तर ती मला घरात घेणार नाही. मॅडम म्हणाल्या, तसं कशाला म्हणतोस? जे खरं आहे ते सांग. मग मी दोन दिवस विचार केला आणि हे पत्र लिहायला बसलो.

तर आत्या, जे खरं आहे ते असं. तू पडलीस त्यात, तू म्हणतेस तसा, काकांच्या ओल्या पावलांचा दोष नव्हता (त्यांना आता माफ कर, तू रागावलीस तेव्हापासून ते अजून मोजे घालून फिरतात). बादलीचा नव्हता. तुझ्या वयाचा तर नव्हताच. तू म्हातारी झालीस म्हणून पडली नाहीस. फरशी म्हातारी झाली. तू तिच्याकडून आयुष्यभर काम करून घेतलंस, तिने ते केलं, आता तिच्यात धरून ठेवायची ताकद उरली नाही, एवढंच. तुझे पाय जसेच्या तसे आहेत. उद्या रॅकेट घेऊन मैदानावर गेलीस तर तिथली जमीन खरखरीत आहे, ती तुला धरेल. तू भिंतीला हात लावत चालतेस हे ऐकून मला फार वाईट वाटतं, कारण ज्या बाईने मला एका हाताने कान धरून आणि दुसऱ्या हाताने बादली धरून जिना चढवला आहे, ती बाई मला भिंतीला हात लावताना बघवत नाही.

बाकी इकडे सगळं छान चाललंय. सबूरने मला माफ केलं आहे. आता नव्या फरश्यांवर रोज सकाळी साबणाचं पाणी टाकायचं काम माझ्याकडे आहे आणि मी ते मनापासून करतो, म्हणजे मन घट्ट करून करतो. टाकून झालं की हात पाठीमागे बांधून दूर उभा राहतो. थर हळूहळू बसतोय. परवा तिने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, छान मुरतोय. मला इतका आनंद परीक्षेत पहिला आलो असतो तरी झाला नसता (तो प्रसंग आलेला नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही). सुट्टी संपल्यावरही शनिवारी-रविवारी येत जा, असं मॅडम म्हणाल्या आहेत. मला हे काम आवडायला लागलंय. बाबांना हे अजून सांगू नकोस, त्यांच्या मते मी अजूनही उंचीवर काम करतो.

काकांना नमस्कार. मनगटाला जप. उत्तराची वाट बघत नाही, कारण तू उत्तर लिहीत नाहीस, फोन करून जेवलास का विचारतेस.

तुझा घासून-पुसून वाढवलेला,
भाचा

ता. क. : एक छोटंसं काम आहे. रोज इतकी वर्षं घासलेली फरशी जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत तयार करता येत नाही, असं मॅडम म्हणतात. त्यांना ती मोजायची आहे. तेव्हा येत्या रविवारी सकाळी मॅडम, सबूर आणि मी यंत्र घेऊन तुझ्याकडे येत आहोत. नाश्त्याची गडबड करू नकोस. फक्त एवढंच कर की गुरुवारपासून बाथरूम घासू नकोस. पाहुणे येणार आणि बाथरूम घासायचं नाही, म्हणजे मी काय मागतोय याची मला कल्पना आहे.

ता. क. : मोजताना मॅडमना वाकावं लागतं आणि त्यांना धरायला भिंतीला काहीतरी लागतं. पोटमाळ्यावर एक दांडी आहे असं ऐकतो. प्लंबर शनिवारी येऊन ती लावून जाईल. ही दांडी संशोधनाचं उपकरण आहे, तेव्हा तिच्याकडे त्याच नजरेने बघावं. प्रयोग संपला की काढून टाकू. फरशी जितकी वर्षं घासली गेली, तितकीच वर्षं हा प्रयोग चालवावा लागेल, असं मॅडमचं मत आहे. (खरं सांगायचं तर मॅडम कधीच कशाला धरत नाहीत. हे वाक्य मी खोडणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोललेलं तुला वासावरून कळतं.)

ता. क. : दांडी कुठे लावायची त्याची पेन्सिलची खूण काकांनी भिंतीवर केली होती. ती तू डाग समजून घासून काढलीस. त्यांनी पुन्हा केली, तू पुन्हा काढलीस. आता तिसऱ्यांदा करायची त्यांची हिंमत नाही, ते घाबरून मला फोन करतात. म्हणून मीच सुचवतो की या वेळी खूण तू कर. पेन्सिल काकांच्या खिशात आहे. बाथरूममध्ये उभी राहा, भिंतीला हात लाव, रोज लावतेस तिथेच, आणि तिथे रेघ ओढ.